मधुभाऊंना पटलं होतं

आमच्या कंपनीत एखाद्या गोष्टीवरून वाद पेटला की शेवटी कोणीतरी म्हणायचं, "मधुभाऊ काय म्हणतायत ते विचारून या." मग दोघंतिघं भट्टीकडे जायचे, मधुभाऊंचं म्हणणं ऐकून यायचे आणि वाद तिथेच थांबायचा. मधुभाऊ पुढारी नव्हते, युनियनमध्ये त्यांच्याकडे कुठलं पद नव्हतं, साहेब तर नव्हतेच. भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणारा आमचा जुना कारखाना. तिथे ते हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीवर कामाला. मी स्टोअर्समध्ये कारकून. आमची मैत्री झाली ती नाटकामुळे, पण ते पुढे सांगतो.

मधुकर धायगुडे हे पूर्ण नाव. मूळचे माणदेशातले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, भट्टीच्या धगीनं भुवया कायम अर्ध्याच उरलेल्या. बोलायचे इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे सरकावं लागे. चहा घेत नसत. चहाच्या सुट्टीत नुसतं गरम पाणी घ्यायचे, पण अशी चव घेत घेत की आपल्याच कपात काहीतरी कमी पडलंय असं वाटावं. डब्यात भाकरी असे आणि ती ते मोडत नसत, चाकूनं कापल्यासारखी सरळ फाडत. कोणाशी भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी स्वतः होऊन त्याच्याजवळ जेवायला बसत, पण आपलं म्हणणं मागे घेत नसत. आणि कोणी त्यांची स्तुती केली की त्यांचे कान लाल व्हायचे, ते लगेच विषय बदलायचे. मला तो निव्वळ संकोच वाटे. त्या लाल कानांना स्तुती आवडतही होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या शब्दाला वजन आलं ते एका अपघातामुळे. प्रेस शॉपमध्ये एका कामगाराची दोन बोटं गेली. प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असते, ती त्या दिवशी जागेवर नव्हती. व्यवस्थापन म्हणत होतं, जाळी त्या कामगारानंच काढली. कामगार म्हणत होते, त्या प्रेसला जाळी कधी बसवलेलीच नव्हती. चौकशी बसली. दोन्हीकडच्या साक्षीदारांनी आपापला पाठ घोटून ठेवला होता. मधुभाऊ त्या वेळी तिथून ट्रॉली ढकलत चालले होते, म्हणून त्यांनाही बोलावलं.

ते म्हणाले, "जाळी होती. ती काढली. सुपरवायझरनं काढायला लावली, माल लवकर निघावा म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

तो सुपरवायझर म्हणजे सुमनवहिनींचा, मधुभाऊंच्या बायकोचा, मावसभाऊ. ह्यांचं लग्न त्यानंच जमवलेलं. त्याची नोकरी गेली, आणि माहेरच्या अर्ध्या घरांत वहिनींना कोणी बोलावेनासं झालं. पुढे एकदा वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, हे खरं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. पण खरं बोलून आले आणि त्या रात्री इतके शांतपणे जेवले ना, त्याचं वाटतं."

मी हसण्यावारी नेलं होतं ते.

आता नाटकाचं. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी आमच्या कंपनीचा संघ उतरायचा. दिग्दर्शक मधुभाऊ. मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवणारा. त्या वर्षी त्यांनी एक जुनी परदेशी शोकांतिका काढली. तिची गोष्ट अशी: एक राज्यकर्ता फार मोठा होतो. तो आता आपल्याला पायाखाली घेईल अशी भोवतालच्यांना भीती वाटू लागते. ते कट करतात आणि भर सभागृहात त्याला भोसकून मारतात. पण नुसत्या मत्सरी माणसांनी मारलं तर लोक खवळतील. म्हणून कटवाल्यांना असा एक माणूस हवा असतो की ज्याच्या सचोटीबद्दल गावात कोणालाच शंका नाही. असा माणूस त्या राज्यकर्त्याचा जवळचा मित्र असतो. ते त्याला गाठतात, पटवतात. खून होतो. मग दोन भाषणं होतात, पहिल्यात तो सरळमार्गी मित्र लोकांना खुनाचं कारण सांगतो आणि लोक माना डोलावतात. दुसरं भाषण मेलेल्याच्या बाजूचा माणूस करतो, आणि तीच गर्दी उलटते. पुढे सगळ्यांचाच नाश.

मधुभाऊंनी ते आमच्या बोलीत उतरवलं. सरळमार्गी मित्राचं काम स्वतःकडे घेतलं. पहिली शिफ्ट सुटली की कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावायची आणि फोडणीच्या वासात तालीम करायची. कट रचणाऱ्या मुख्य माणसाचं काम पेंट शॉपमधला गणेश करायचा. पटवण्याचा प्रवेश आला की तो हात नाचवायचा, आवाज चढवायचा.

"तू मिक्सर विकायला आलायस का रे?" मधुभाऊंनी एकदा त्याला थांबवलं. "त्याला काही सांगू नकोस. त्याला विचार. त्याच्या मनात जे आधीच आहे ना, ते त्याच्याच तोंडून बाहेर काढ. म्हणजे त्याला वाटेल, हे मलाच सुचलं."

मारल्या जाणाऱ्या राज्यकर्त्याचं काम पोपट तापकीरकडे होतं. जवळच्याच गावचा, बांध्यानं दांडगा, कंपनी यायच्या आधीपासूनचा इथला माणूस. त्यानं खुर्चीवरून विचारलं, "पण मधुभाऊ, त्या मित्राला कळत न्हाई व्हय? ही मान्सं आपल्याला वापरत्यात म्हून?"

मधुभाऊ त्याच्याकडे वळले. "पोपटराव, लोभी माणसाला फिरवायचं तर त्याला काहीतरी द्यावं लागतं. चांगल्या माणसाला काहीच द्यावं लागत नाही. तुझ्यासारखा चांगला दुसरा कोणी नाही, एवढं म्हटलं तरी भागतं."

कॅन्टीनच्या दारात प्रकाश नेवसे उभा होता. आमच्या युनियनचा सरचिटणीस. कडक इस्त्रीचा शर्ट, मवाळ बोलणं, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत कधी मध्ये न पडणारा. तो म्हणाला, "मधुभाऊ, काय समजावता हो तुम्ही! नुसतं ऐकत राहावंसं वाटतं." मधुभाऊंचे कान लाल झाले. ते गणेशला म्हणाले, "चल, पुन्हा सुरुवातीपासून."

प्रयोगात पोपट मरून पडला असताना शिंकला. स्टेजवरची पावडर नाकात गेली असावी. सगळं थिएटर खो खो हसलं. हातात लाकडी कट्यार घेतलेले मधुभाऊ त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले, आपलं उपरणं हळूच प्रेताच्या तोंडावर ओढलं आणि पुढचं वाक्य इतक्या खालच्या आवाजात बोलले की शेवटच्या रांगेपर्यंत शांतता पसरली. त्या उपरण्यानं आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं असं पोपट नंतर सगळ्यांना सांगत असे.

पहिल्या रांगेत जगदाळे अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे आमच्या युनियनचे अध्यक्ष. दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला घर, पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, आणि गेटबाहेर बोलायला उभे राहिले की माइक नको असा आवाज. आमच्यातले निम्मे लोक कायम झाले ते अण्णांमुळे. मधुभाऊही. पण वीसेक वर्षं अध्यक्ष राहून अण्णांना आता दुसऱ्याचं ऐकायची सवय राहिली नव्हती. साहेबांच्या केबिनमध्ये एकटेच जायचे, बाहेर येऊन निर्णय सांगायचे. कोणी शंका काढली तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचे. निवडणूक म्हणजे नावाला. नाटकाला मात्र ते न चुकता येत आणि पहिल्या अंकातच झोपी जात. त्या दिवशी खुनाच्या वेळी जागे झाले. प्रयोग संपल्यावर रंगपटात आले, मधुभाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मारलंस रं त्याला मधुकर. मला वाटलं, ऐन वक्ताला सोडशील."

त्यानंतरच्या वर्षी वेतन कराराची बोलणी सुरू झाली. कंपनीला प्रेस आणि भट्टी दोन्ही चाकणच्या नव्या प्लांटला हलवायची होती, आणि तिथे काम करणार होती कंत्राटी पोरं. अण्णांनी गेटवर सांगितलं, "एक मशीन गेटाबाहेर जानार न्हाई. आडवा पडंन मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या आठवड्यापासून एक कुजबुज सुरू झाली. अण्णा वरवर विरोध करतायत, आतून त्यांचं जमलंय. चाकणला माणसं पुरवायचं कंत्राट त्यांच्या पुतण्याला मिळणार आहे.

ही कुजबुज कुठून निघाली ते कोणी सांगू शकत नव्हतं. प्रत्येकानं दुसऱ्याकडून ऐकलेली. बसमध्ये, टपरीवर, हात धुवायच्या नळाशी. नेवसे स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाही. कोणी विषय काढला तर तो खाली बघायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या हो. अण्णा आहेत ते." त्यानं नुसतं "खोटं आहे" म्हटलं असतं तरी अर्ध्या लोकांनी ऐकलं असतं.

मधुभाऊंना पाठीमागे बोललेलं खपत नसे. ते सरळ युनियनच्या ऑफिसात गेले. मी माझ्या रजेच्या कामासाठी तिथेच बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मधलं दार उघडं होतं.

"अण्णा, चाकणचं कंत्राट तुमच्या पुतण्याला मिळणार असं लोक बोलतात. खरं आहे का?"

आत खुर्ची करकरली. मग अण्णांचा आवाज आला. "तू इचारतोयस, का तुला इचारायला लावलंय?"

"मीच विचारतोय."

"इतकी वर्सं मला बघतोयस. तरी तुला इचारावं लागतंय?"

"एक 'नाही' म्हणा अण्णा. मी जातो."

"का म्हनू? आज तुला म्हनलं, उद्या गेटवरचा वॉचमन इचारील, त्यालाबी म्हनू? जगदाळे आता घरोघर जाऊन सांगत फिरनार का, मी चोर न्हाई म्हून? जा, कामावर जा."

मधुभाऊ बाहेर आले. जिना उतरताना मला म्हणाले, "नुसतं नाही म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता, कुंटे." मला वाटतं नेवसेनं काही करायच्या आधी अर्धं काम त्या जिन्यावरच झालं होतं.

गुरुवारी आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी असते. त्या गुरुवारी दुपारी मी आकुर्डीला मधुभाऊंच्या घरी गेलो होतो, नाटकाचे कपडे त्यांच्याकडे पडून होते ते न्यायला. थोड्या वेळानं नेवसे आला, बरोबर कमिटीचे दोघं. वहिनींनी पोहे टाकले. नेवसेनं आधी मधुभाऊंच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग भिंतीवरचा नाटकाचा फोटो बघत उभा राहिला.

"आम्ही काही मागायला आलो नाही, मधुभाऊ," तो बसत म्हणाला. "आम्हालाच काही सुचेनासं झालंय. तुम्ही अण्णांना भेटलात म्हणे. काय म्हणाले ते?"

"काही नाही म्हणाले."

"म्हणजे नाही म्हणाले?"

"नाही. काहीच बोलले नाहीत."

नेवसेनं मान हलवली. मग म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, माणूस खरा असेल तर त्यानं उत्तर द्यायला काय हरकत आहे?"

"हे तुम्ही म्हणताय," नेवसे हळूच म्हणाला. "आम्ही म्हणालो तर लोक म्हणतील, ह्यांना खुर्ची हवीय. आणि खरं सांगू, आमच्यातल्या एकदोघांना हवीही असेल. म्हणून आम्ही गप्प आहोत. पण तीनशे घरं आहेत हो. उद्या भट्टी चाकणला गेली की त्यांनी काय करायचं?"

"अण्णांनी मला कायम केलंय," मधुभाऊ म्हणाले. "माझ्या लग्नात वाढायला उभे होते ते."

"म्हणून तर. ज्याच्या मनात अण्णांबद्दल राग आहे त्यानं ह्यात पडूच नये. तो सूड होईल. ज्याचं अण्णांवर प्रेम आहे त्यानंच त्यांना सांगावं, की आता थांबा. त्यांची अब्रू राखून. असा माणूस मला तरी ह्या कंपनीत एकच दिसतो."

मी मधुभाऊंच्या शेजारीच बसलो होतो. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ह्या वेळी त्यांनी विषय बदलला नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी विचारलं, "आणि अण्णांच्या नंतर कोण?"

"ते लोक ठरवतील, वहिनी," नेवसे म्हणाला. "पोहे फार छान झालेत."

सर्वसाधारण सभा भोसरीतल्या एका मंगल कार्यालयात भरली. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून स्टेजच्या कमानीला लटकत होती. मधुभाऊ बोलायला उभे राहिले तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. त्यांनी अण्णांचे उपकार एकेक करून सांगितले, आपल्यापासून सुरुवात करून. मग म्हणाले, "मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला मिळालं नाही. जो माणूस आपल्याच लोकांना उत्तर देत नाही, त्यानं आपल्या वतीनं साहेबांशी बोलू नये, असं मला वाटतं. अण्णांनी अध्यक्षपद सोडावं, असा मी ठराव मांडतो."

बोलता बोलता शेवटी त्यांचा आवाज चिरकला. अण्णा स्टेजवर मधल्या खुर्चीत होते. ते काय बोलतील, किती जोरात बोलतील, ह्याची सगळा हॉल वाट बघत होता. अण्णांनी टेबलावरचा आपल्यापुढचा पाण्याचा ग्लास उचलला आणि मधुभाऊंच्या दिशेनं सरकवला. "पानी पी मधुकर," ते म्हणाले. "घसा बसलाय तुजा."

एवढंच. त्यानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत.

हात वर झाले. पोपट तापकीर माझ्या पुढच्या रांगेत होता, त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले. "मी न्हाई करनार वर," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. आणखीही काही जण असतील. पण ठराव झाला. लोक उठले, खुर्च्या वाजल्या, आणि अण्णा बाजूच्या दारानं एकटे बाहेर पडले.

पुढे कितीतरी दिवसांनी मधुभाऊ मला म्हणाले, "मी बोलून बसलो आणि वाट बघत राहिलो, कुंटे. मला वाटत होतं, आता कोणीतरी उठेल. अण्णांच्या बाजूनं बोलेल, मला खोडून काढेल, लोकांना रडवेल. नाटकात उठतो ना एक जण. इथे कोणी उठलंच नाही. मी म्हणालो म्हटल्यावर कोणाला उठावंसंच वाटलं नाही."

नेवसे अध्यक्ष झाला. पावसाळा संपायच्या आत करार झाला. पगारवाढ बरी होती, पेढे वाटले गेले. दिवाळीनंतर प्रेस हलले, मग भट्टी हलली. मधुभाऊंनी ज्या भट्टीपुढे आपल्या भुवया घालवल्या ती तीन ट्रेलरांवर चढून गेटाबाहेर गेली आणि कोणी आडवं पडलं नाही. जुन्या लोकांपुढे व्हीआरएसचे अर्ज ठेवले गेले. पोपटनं सही केली आणि गावाकडे म्हशी घेतल्या. गणेशला कमी केलं. आणि चाकणला माणसं पुरवायला जो कंत्राटदार आला तो नेवसेचा मेहुणा निघाला. अण्णांचा पुतण्या तेव्हाही नाशिकला एका दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि आधीही तेच काम करत होता. त्याला कंत्राट म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

हे सगळं कळल्यावर मी आकुर्डीला गेलो. मधुभाऊ पलंगावर बसून पायांना तेल चोळत होते. मी बरंच बोललो. नेवसे किती पोचलेला आहे, त्यानं कसं जाळं टाकलं, तुमच्यासारख्या साध्या माणसाला कसं फसवलं, वगैरे.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "मला कोणी फसवलं नाही. नेवसे एक शब्द खोटा बोलला नव्हता त्या दिवशी, आठवून बघ. मला पटलं होतं. फसवलेला माणूस निदान रागावू तरी शकतो."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

अण्णा त्याच हिवाळ्यात गेले. साखर होतीच, खाणंपिणं सोडल्यासारखं केलं होतं म्हणे, मग पाय काळा पडला आणि चार दिवसांत आटोपलं. मधुभाऊ मधल्या काळात दोनदा दापोडीला जाऊन आले होते. दोन्ही वेळा अण्णांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि क्रिकेटचा सामना बघत राहिले. मधुभाऊ बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

दापोडीच्या स्मशानभूमीत गर्दी मावत नव्हती. जुनी जुनी माणसं आली होती, चाकणहूनही आली होती. आपल्याकडे चितेला अग्नी दिल्यावर श्रद्धांजलीची भाषणं होतात. माइक लावलेला होता. पहिला नेवसे बोलला. "अण्णांनी मला बोट धरून चालायला शिकवलं," असं म्हणताना त्याचा आवाज दाटून आला, आणि मला शपथेवर सांगावं लागलं तर मी सांगेन की ते रडणं खरं होतं. लोकही रडले. ज्यांनी हात वर केले होते तेच.

मग मधुभाऊ कोणी न बोलावता पुढे गेले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"अण्णांवर मी सभेत जो ठपका ठेवला तो खोटा होता," ते म्हणाले. "त्यांच्या पुतण्याला काही मिळणार नव्हतं. मी चौकशी केली नाही. अण्णांनी उत्तर दिलं नाही ह्याचा मला राग आला होता, आणि त्या रागाला मी न्याय म्हटलं. तुम्ही माझं ऐकून हात वर केले. मी तुम्हाला खोटं सांगितलं. भट्टी ज्यांच्यामुळे गेली..."

त्यांनी नेवसेकडे पाहिलं. सगळेच नेवसेकडे पाहू लागले. मला वाटलं, आता. आता ही गर्दी उलटणार.

नेवसे पुढे आला. त्यानं मधुभाऊंच्या खांद्यावर हात टाकला, त्यांना अगदी जवळ घेतलं, आणि दुसऱ्या हातानं माइक अलगद आपल्याकडे वळवला.

"बघा," तो भरल्या गळ्यानं म्हणाला. "माणसाचं मन किती मोठं असावं! चूक आपल्या सगळ्यांची, आणि मधुभाऊ ती एकट्याच्या अंगावर घेतायत. अण्णांना आज हे ऐकून किती समाधान वाटलं असतं. मधुभाऊ, तुम्ही खरंच..."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या शेजारचा एक म्हातारा फिटर म्हणाला, "देवमाणूस आहे राव." दुसरा म्हणाला, "असं मन पाहिजे." मधुभाऊ त्या हाताखाली उभे होते. त्यांचं तोंड उघडं होतं, पण आता बोलायला काही उरलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात उच्चारलेलं सगळ्यात खरं वाक्य त्यांच्याच चांगुलपणाच्या नावावर जमा झालं होतं. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दोन मिनिटं शांत उभं राहू या," आणि सगळे माना खाली घालून उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी नाटक केलं नाही. कंपनीनंही संघ पाठवणं बंद केलं. कोणी त्यांच्याकडे वाद घेऊन गेलं तर ते म्हणत, "मला नाही सांगता येणार." लोकांना आधी तो विनय वाटला, मग कंटाळून लोकांनी विचारणंच सोडलं. त्यांनी व्हीआरएस घेतली नाही. कंपनीनं त्यांची चाकणला बदली केली, कंत्राटी पोरांना भट्टी शिकवायला. मी भोसरीतच राहिलो. फोन व्हायचे, पण ते फोनवर ऐकूच येत नसत, आणि फोनला कान चिकटवून तरी किती चिकटवणार?

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चाकणच्या प्लांटच्या गेटवर. स्टोअर्सचा काही माल पोचवायला टेम्पोबरोबर गेलो होतो. पहिली शिफ्ट सुटत होती आणि गेटसमोर नेवसेची सभा चालली होती. रस्त्यावर ट्रकांची रांग, हॉर्न, धूळ. नेवसेचं पोट आता थोडं सुटलं होतं, पण आवाज तसाच मवाळ, लाउडस्पीकरमधूनसुद्धा. त्यानं काहीतरी विचारलं आणि समोरच्या पोरांनी हात वर केले.

गर्दीच्या कडेला, पिवळं हेल्मेट काखेत धरून, मधुभाऊ उभे होते. त्यांचाही हात वर होता.

मी माणसांतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचलो. मला बघून ते हसले, पण ओळखीचं हसू उमटायला थोडा वेळ लागला. भुवया आता पूर्ण आल्या होत्या आणि त्या पांढऱ्या होत्या.

"मधुभाऊ, हात कशासाठी वर केलात?"

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली घेतला.

"ऐकलं नाही मी," ते म्हणाले. "सगळ्यांनी केला म्हणून केला."

वहिनी कशा आहेत, आईचे गुडघे कसे आहेत, असं काहीबाही मी विचारलं. ते बरं आहे, बरं आहे म्हणाले. तेवढ्यात एक शेअर रिक्षा थांबली, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी जागा होती. "येतो," म्हणून ते तिच्यात बसले, एक पाय बाहेर ठेवून. रिक्षा ट्रकांच्या मधून वळणं घेत पुढे गेली, थोडा वेळ त्यांचा तो पाय दिसत राहिला, मग तोही दिसेनासा झाला.